आधी नोंद, मग मेडल

फौजेतून घरी येणाऱ्या सैनिकाला डिस्चार्ज बुक मिळतं. त्यात त्याचा नंबर, हुद्दा, उंची, अंगावरची ओळखीची खूण, भरतीची आणि निवृत्तीची तारीख, वागणुकीचा शेरा असं सगळं असतं. मेडलांसाठीही थोडी जागा राखलेली असते. युनिटातल्या कुणा क्लर्कने तिथे शाईने जी नावं लिहिली, तेवढीच मेडलं त्या माणसाची. बाकी तो कुठे होता, काय केलं, कुणाबरोबर होता, हे त्याला आणि देवाला ठाऊक.

मी फौजेत क्लर्क होतो. रायफल शिकलो, दरवर्षी फायरिंगही केलं, पण माझी नोकरी कागदाची. निवृत्त झाल्यावर नाशिकरोडला घर केलं आणि हळूहळू माजी सैनिक कागद घेऊन घरी येऊ लागले. नाशिकला हे साहजिकच आहे. देवळालीला स्कूल ऑफ आर्टिलरी, नाशिकरोड कॅम्पात तोपखान्याचं सेंटर आणि रेकॉर्ड ऑफिस. पंजाबपासून तामिळनाडूपर्यंतचे किती तरी गनर इथे नोकरी करून इथेच राहिले. शिवाय सिन्नर, निफाड, येवला, मालेगाव या बाजूंनी पिढ्यान् पिढ्या पोरं भरती होतात. त्यांची रेकॉर्डं मात्र देशभर विखुरलेली. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्याचं बेळगावला, महार रेजिमेंटवाल्याचं सागरला, बॉम्बे सॅपर्सवाल्याचं खडकीला, रणगाड्यावाल्याचं अहिल्यानगरला, सिग्नलवाल्याचं जबलपूरला. गावाकडच्या म्हाताऱ्या माणसाला आपलं आयुष्य कोणत्या शहरातल्या कपाटात ठेवलंय, हेच आधी सांगावं लागतं.

बहुतेक जण पेन्शनसाठी येतात. ‘स्पर्श’ ही पेन्शनची ऑनलाइन प्रणाली आल्यापासून हयातीचा दाखला, आधारवरचं नाव, बँकेचा खाते क्रमांक यांच्या तक्रारी जास्त. मेडलासाठी येणारा एखादाच. अशा माणसाला मी आधी बसवतो, कारण त्याचं काम सगळ्यांत अवघड असतं आणि त्यात त्याला एक पैसाही मिळायचा नसतो.

ज्यांच्याविषयी लिहितोय ते निफाड तालुक्यातले. सगळा गाव त्यांना नाना म्हणतो, मीही म्हणू लागलो. फौजेत ड्रायव्हर होते, शक्तिमान ट्रक चालवायचे, नाईक म्हणून पेन्शनीवर आले. त्यांच्या दलाचं नाव मी इथे लिहीत नाही. ज्या चुकीची ही गोष्ट आहे ती झाली पन्नास वर्षांपूर्वी, आणि आज तिथे बसणाऱ्या पोरांचा तिच्याशी काही संबंध नाही.

नाना नातवाला घेऊन आले होते. नातू इंजिनीअरिंगला होता, हुशार, थोडा तापट. त्याने आजोबांचं डिस्चार्ज बुक माझ्यासमोर उघडून ठेवलं आणि मेडलांच्या जागेवर बोट टेकवलं. संग्राम मेडल, सैन्य सेवा मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचं मेडल, नऊ वर्षांच्या दीर्घ सेवेचं मेडल. सगळं एकाच हातचं, निळ्या शाईत, नीट ओळीत.

“काका, आजोबा लढाईत पूर्वेला होते. मग पूर्वी स्टार कुठंय?”

प्रश्न बरोबर होता. १९७१च्या युद्धासाठी सरकारने जी मेडलं काढली त्यांत संग्राम मेडल बऱ्याच मोठ्या टापूतल्या सैनिकांना मिळालं. पश्चिम आघाडीच्या युद्धक्षेत्रात ठरलेल्या काळात हजर असणाऱ्यांना पश्चिमी स्टार आणि पूर्व आघाडीवरच्यांना पूर्वी स्टार. ही शौर्याची पदकं नव्हेत. वीरचक्राबरोबर भत्ता येतो, राज्य सरकारकडून रक्कम येते. स्टारबरोबर काहीच येत नाही. तो एवढंच सांगतो की हा माणूस त्या वेळी त्या जागी होता. पण सैनिकाला तेवढंच हवं असतं, हे मी आयुष्यभर पाहिलंय. शौर्याचं मेडल दुसऱ्यांनी द्यायचं असतं, त्यावर कुणी हक्क सांगत नाही. हजेरीचं मेडल मात्र ज्याने हजेरी लावली त्याचंच.

नातवाने आधीच एक अर्ज पाठवला होता, त्याची प्रत आणली होती. भाषा जोरदार. मातृभूमी, रक्त, बलिदान, उपेक्षा, सगळं होतं. शेवटी विनंती, की माझ्या आजोबांना त्यांचं हक्काचं मेडल सन्मानाने देण्यात यावं. उत्तर चार ओळींचं आलं होतं : रेकॉर्डनुसार सदर सैनिक या मेडलास पात्र आढळत नाही.

ते उत्तर वाचून नातू चिडला होता. मी चिडलो नाही, कारण त्या टेबलावर मी स्वतः असतो तर मलाही तेच लिहावं लागलं असतं. क्लर्कसमोर शीट रोल, म्हणजे सैनिकाचं सेवापत्रक, असतं. शीट रोलमध्ये पूर्वी स्टार नाही. अर्जात तारीख नाही, युनिट नाही, ठिकाण नाही. तो मेडल कशाच्या आधारावर देणार? तिथला कुणीही अधिकारी मनात आलं म्हणून कपाटातून मेडल काढून देऊ शकत नाही. आधी नोंद दुरुस्त व्हावी लागते. नोंद झाली की मेडल तिच्या मागून येतं. म्हणून मी येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगतो, की मेडल मागू नका, नोंद मागा. आपली कुठली नोंद, कोणत्या तारखेची, कुठे गळली, ते दाखवा आणि ती चढवा म्हणा.

नोंद गळते कशी, हे बाहेरच्या माणसाला लवकर उमगत नाही. युनिटात सैनिकाच्या बाबतीत काहीही घडलं, रजा, बदली, बढती, दवाखान्यात भरती, लग्न, मुलाचा जन्म, की क्लर्क पार्ट टू ऑर्डर काढतो. तिची प्रत रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिथे त्याच्या शीट रोलवर चढते. लढाई संपली की युनिट पात्र माणसांचा नॉमिनल रोल, म्हणजे नावांची यादी, तयार करतं आणि वर पाठवतं. ही पद्धत चांगली आहे, मी तिच्यावर पोट भरलं आहे. पण तिला एक ठिकाण नेहमी नडतं : अटॅचमेंट. माणूस पटावर एका युनिटच्या आणि कामाला दुसऱ्याच्या. लढाईच्या तयारीत ड्रायव्हर, मेकॅनिक, स्वयंपाकी, वायरलेसवाले असे शेकड्यांनी इकडून तिकडे जोडले जातात. नॉमिनल रोल करायची वेळ येते तेव्हा मूळ युनिटचा क्लर्क म्हणतो, आमचं युनिट पूर्वेला नव्हतंच. ज्यांच्याकडे तो राबला त्यांचा क्लर्क म्हणतो, हा आमच्या पटावरचा नाही. दोघंही कागदाने बरोबर. आणि माणूस दोन याद्यांच्या मधून निसटतो. नानांचं नेमकं हेच झालं होतं.

नाना सांगत गेले तसं मी लिहीत गेलो. मूळ युनिट मागच्या पट्ट्यात होतं. पावसाळा संपता संपता काही गाड्या आणि ड्रायव्हर निवडून पूर्वेला पाठवले. धर्मनगरपर्यंत मीटरगेज रेल्वे, तिथून पुढे त्रिपुराचा घाटरस्ता, तेलियामुरा, आगरतळा. त्या भागात लेफ्टनंट जनरल सगत सिंग यांच्या चौथ्या कोअरची जमवाजमव चालली होती आणि सगळा दाणागोटा, दारूगोळा त्या एका अरुंद रस्त्याने जात होता. रात्री दिवे न लावता गाडी हाकायची, पुढच्या गाडीच्या मागच्या पांढऱ्या ठिपक्यावर नजर ठेवायची. नाना हे सांगताना हात असे धरत होते जणू स्टिअरिंग अजून समोर आहे. सीमेपलीकडचं अखौरा पडल्यावर तेही पलीकडे गेले.

“नाना, त्या वेळचा कुठला कागद आहे का? मूव्हमेंट ऑर्डर, रजेचं सर्टिफिकेट, पगाराचं काही?”

“काय ऱ्हातंय साहेब. ट्रंक हाये. तिच्यात कपडे व्हते, पोरांनी काढून टाकले.”

ट्रंक आणायला सांगितली. फौजी माणसाच्या घरात ही काळी ट्रंक असतेच, झाकणावर पांढऱ्या रंगाने नंबर, हुद्दा आणि नाव. द्राक्षबागेच्या औषधांच्या डब्यांखाली ती कित्येक वर्षं पडली होती. आत तळाशी पसरलेल्या वर्तमानपत्राखाली नानांच्या बायकोने जपलेली पत्रं निघाली. आजी गेल्याला बरीच वर्षं झाली होती. ती पत्रं तिथे आहेत हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

ती पत्रं मी टेबलावर एकेक पसरली. फौजी पत्रात ठिकाण लिहायची बंदी असते, युनिटात ती तपासली जातात. म्हणून मजकुरात काही मिळायचं नाही हे मला ठाऊक होतं. मजकूर होता तो असा, की माझी काळजी करू नये, बैल विकू नये, धाकट्याला शाळेत घालावं. पण पत्त्याच्या बाजूला नानांनी परतीचा पत्ता लिहिला होता आणि त्यात होतं : मार्फत ९९ एपीओ, म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. आधीच्या पत्रांवर ५६ एपीओ, आणि १९७१च्या हिवाळ्यातल्या पत्रांवर ९९. फौजेत नोकरी केलेल्या कुणालाही यातला फरक सांगावा लागत नाही. उत्तरेकडची आणि पश्चिमेकडची डाक ५६ एपीओतून जाते, पूर्वेकडची ९९ मधून. मूळ युनिटची सगळी डाक ५६ वरून येत असताना हा एक माणूस ९९ वरून पत्र लिहीत होता. त्यावर फील्ड पोस्ट ऑफिसचा गोल शिक्का, मधोमध तारीख, कडेला नंबर. दोन शिक्के पुसट होते, एक स्वच्छ वाचता येत होता. डिसेंबर ७१.

नाशिकमध्ये तिकिटं आणि डाक-शिक्के जमवणारी मंडळी आहेत. त्यांतल्या एका वयस्कर गृहस्थांकडे मी तो शिक्का दाखवायला गेलो. फील्ड पोस्ट ऑफिसचा कोणता नंबर कोणत्या काळात कोणत्या फॉर्मेशनबरोबर, म्हणजे ब्रिगेड-डिव्हिजनबरोबर, होता, याच्या याद्या हे लोक पदरमोड करून, वर्षानुवर्षं जुळवतात. त्यांनी भिंगाखाली शिक्का धरला, वही काढली आणि तो नंबर पूर्वेकडचाच असल्याचं दाखवलं. ज्याला आपण छंद म्हणून सोडून देतो त्या कामाचा एका सैनिकाला असा उपयोग होईल, असं मला आधी वाटलं नव्हतं. त्या गृहस्थांचे आभार मानावे तेवढे थोडे.

तरीही शिक्का हा आधाराचा पुरावा. ऑफिसला लागतो तो सेवेचा कागद. म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज केला. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर, आणि मागणी नेमकी : माझ्या शीट रोलची आणि सप्टेंबर १९७१ ते मार्च १९७२ या काळातल्या माझ्या सर्व पार्ट टू ऑर्डरींची साक्षांकित प्रत. ‘मला पूर्वी स्टार का दिला नाही’ असं विचारायचं नाही. ‘का’ या प्रश्नाला माहिती अधिकारात उत्तर नसतं, कागदाला असतं.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती पुष्कळांना माहीत नाही. पेन्शन न घेता फौज सोडलेल्या माणसाची कागदपत्रं लष्कराच्या नियमांप्रमाणे २५ वर्षांनी नष्ट करता येतात. मागे उरतो तो लाँग रोल, त्यात नाव, नंबर, भरती, डिस्चार्ज एवढंच. अशा माणसाची नोंद दुरुस्त करणं जवळपास अशक्य होऊन बसतं. नाना पेन्शनर, म्हणून त्यांची फाइल शाबूत होती. आणि मोठ्या कागदांचाही भरवसा नाही. पूर्व विभागातली १९७१च्या युद्धाची बरीचशी कागदपत्रं नष्ट झाल्याची बातमी २०१० साली वर्तमानपत्रांत आली होती. अमेरिकेत सेंट लुइसला १२ जुलै १९७३ रोजी सैनिकी अभिलेखागाराला आग लागली आणि दीड कोटीहून जास्त फाइली जळाल्या. त्या सैनिकांच्या नोंदी पुढे पगारपत्रकं, दवाखान्याचे कागद, घरची पत्रं यांवरून पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. अमेरिकेत १९४६च्या कायद्याने नागरिकांची मंडळं आहेत, सैनिकी नोंदीतली चूक दुरुस्त करून मागण्यासाठी माजी सैनिक थेट त्यांच्याकडे ठरावीक नमुन्यात अर्ज करतो. आपल्याकडे असं वेगळं मंडळ नाही. रेकॉर्ड ऑफिस, मग वरच्या कार्यालयाकडे निवेदन, आणि तिथेही न झालं तर २००७च्या कायद्याने आलेलं सशस्त्र दल न्यायाधिकरण, ज्याचं खंडपीठ मुंबईत आहे. निफाडच्या ऐंशीकडे झुकलेल्या माणसाला मुंबईला वकील करणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. माझं स्पष्ट मत आहे की असं दुरुस्ती मंडळ आपल्याकडेही हवं, आणि ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज घेणारं हवं.

माहिती अधिकाराचं उत्तर आलं. जाडसर पाकीट. शीट रोलच्या फोटोकॉपीत अक्षरं फिकट आलेली, काही ठिकाणी नुसता काळा पट्टा. पहिलीच अडचण नावाची. नानांचं नाव एका पानावर एका स्पेलिंगने, दुसऱ्यावर दुसऱ्या. आडनाव मधेच गायब. गाव ज्याने लिहून घेतलं तो उत्तरेकडचा असणार, त्याने कानाला लागलं तसं लिहिलं. जिल्हा ‘नासिक’, तालुका भलत्याच अक्षरांत. हे आपल्या मराठी माणसांच्या बाबतीत फार होतं. वडिलांचं नाव मधे आणि आडनाव शेवटी, ही आपली रीत भरती करणाऱ्याला माहीत नसते. आणि बायकांचं तर विचारूच नका. लग्नात नाव बदलतं, किंड्रेड रोलमध्ये, म्हणजे कुटुंबाच्या नोंदीत, सासरचं, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, आधारवर तिसरंच काहीतरी. नवरा गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी ती बाई ‘मी तीच’ हे सिद्ध करत वर्षं घालवते. गॅझेट, प्रतिज्ञापत्र, तलाठ्याचा दाखला, सरपंचाचा दाखला. मेडलाच्या निमित्ताने नानांच्या नावाची दुरुस्तीही आम्ही त्याच अर्जात मागितली.

मग त्या पट्ट्यांमधून एक ओळ दिसली. डिसेंबर १९७१, एका फील्ड ॲम्ब्युलन्समध्ये, म्हणजे आघाडीवरच्या लष्करी दवाखान्यात, भरती, कारण ताप, आणि पुढे डिस्चार्जची तारीख. फील्ड ॲम्ब्युलन्सचा नंबर स्वच्छ होता.

“नाना, तुम्ही लढाईत दवाखान्यात होता? हे कधी बोलला नाहीत.”

नाना बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “सांगायचं कसं साहेब. आपली मानसं पुढं, अन् मी खाटेवर. ढाका पडलं ते मी खाटेवर रेडिओला आयकलं. मला वाटलं, हे लिहिलं तर म्हनतील, हा तर आजारी व्हता, ह्याला कशाचं मेडल.”

पन्नास वर्षं त्यांनी ती गोष्ट लपवली होती, बायकोलाही सांगितली नव्हती. आणि त्यांचं सगळं काम करणारा कागद तोच होता. फील्ड ॲम्ब्युलन्स ही फॉर्मेशनबरोबर असते. ती पूर्वेला होती म्हणजे तिच्यात भरती झालेला माणूस पूर्वेला होता. मागच्या पट्ट्यातल्या युनिटचा ड्रायव्हर डिसेंबरात पूर्वेकडच्या फील्ड ॲम्ब्युलन्समध्ये तापाने कसा काय भरती होईल, तो तिथे असल्याशिवाय? ‘पात्र आढळत नाही’ असं ज्या फाइलवरून लिहून आलं, त्याच फाइलमध्ये पात्रतेचा पुरावा होता. कुणी मुद्दाम लपवला नव्हता. मेडलाचा रकाना बघणाऱ्याने दवाखान्याचा रकाना बघितला नव्हता, इतकंच. त्याला तसं बघायला सांगणारा अर्जही कुणी केला नव्हता.

नवा अर्ज दीड पानाचा झाला. मातृभूमी नाही, उपेक्षा नाही. पहिल्या परिच्छेदात नंबर, हुद्दा, नाव, भरती-निवृत्तीच्या तारखा. दुसऱ्यात अटॅचमेंटचा काळ. तिसऱ्यात शीट रोलच्या कोणत्या पानावर कोणती नोंद आहे, ते. चौथ्यात जोडलेल्या पत्रांचे शिक्के. शेवटी मागणी : अटॅचमेंटची नोंद तपासावी, पार्ट टू ऑर्डर काढून पूर्वी स्टारची नोंद सेवापत्रकात चढवावी आणि डिस्चार्ज बुकात तशी दुरुस्ती करावी. नानांचा एक जुना साथीदार साताऱ्याकडे हयात होता. त्याचं प्रतिज्ञापत्रही घेतलं. त्याच्या थरथरत्या सह्या. शपथपत्राला कागदाएवढं वजन नसतं, पण कागदाबरोबर जोडलं की कामाला येतं.

नातवाला मधल्या काळात धीर नव्हता. तो एकदा दुकानातून पूर्वी स्टारची नक्कल घेऊन आला. छावणीच्या गावांत ती मिळते, त्यात बेकायदेशीर असं काही नाही. मेडलांचा तुटवडा असताना खुद्द सेवेतल्या लोकांनाही नक्कल विकत घेऊन लावावी लागल्याच्या बातम्या येऊन गेल्यात. नाना ती हातात घेऊन उलटसुलट बघत राहिले आणि नातवाला परत दिली.

“बुकात नाय तवर छातीवर नाय.”

नातू मग काही बोलला नाही. मलाही त्या दिवशी फौजेची शिस्त काय असते ते पुन्हा नव्याने कळलं.

या सगळ्या काळात मला इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर वारंवार आठवत होते. लष्कराच्या ईएमई दलातले जवान. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कायमचं अपंगत्व आलं, आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलला जागतिक विक्रमासह सुवर्ण. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्णपदक. १९८०च्या दशकात त्यांनी अर्जुन पुरस्कार मागितला तेव्हा नकार मिळाला. पद्मश्री आली २०१८ साली, आणि जीवनगौरवासाठीचा अर्जुन पुरस्कार २०२५च्या जानेवारीत हातात पडला. म्हणजे पाण्यातून बाहेर आल्यावर बावन्न वर्षांहून जास्त. पेटकरांना उशीर झाला, तरी त्यांचा निकाल स्पर्धेच्या पुस्तकात लिहिलेला होता, तो कुणाला पुसता आला नाही. नानांसारख्या हजारोंचा निकाल कुठल्याच पुस्तकात नाही, एखाद्या पत्रावरच्या शिक्क्यात आहे.

गावात लोक विचारायचे, “नाना, किती पैसे भेटतील?” नाना सांगायचे, काही नाही. मग लोकांना कोडं पडायचं. हा प्रश्न मला कार्यालयांतही ऐकू आलाय, आणि तो ऐकून मला दर वेळी वाईट वाटतं. पैसा नाही म्हणून काम मागे टाकायचं, हे बरोबर नाही. पेन्शनच्या चुकीचा तरी दर महिन्याला नवा हिशेब लागतो, न्यायालयंही उशीर माफ करतात. मेडलाच्या चुकीला तोही आधार नाही. उशीर झाला म्हणून अर्ज नाकारणं सोपं असतं. म्हणून अशा अर्जाकडे बघणाऱ्या प्रत्येक क्लर्कला, जो माझाच भाऊबंद आहे, माझं सांगणं आहे, की मेडलाचा रकाना रिकामा दिसला तर दवाखान्याचा, रजेचा, अटॅचमेंटचाही बघा. पाच मिनिटं जास्त लागतील.

पत्र आलं तेव्हा नाना बागेत होते, छाटणीचे दिवस होते. पार्ट टू ऑर्डर निघाल्याचं त्यात लिहिलं होतं आणि डिस्चार्ज बुक दुरुस्तीसाठी पाठवायला सांगितलं होतं. नाव एकाच स्पेलिंगने, नासिकचं नाशिक झालेलं. बुक रजिस्टर पोस्टाने गेलं आणि रजिस्टरनेच परत आलं. निळ्या शाईच्या जुन्या ओळींखाली काळ्या शाईत एक नवी ओळ, तिच्याशेजारी सही, तारीख आणि शिक्का. मेडल उपलब्ध होताच पाठवण्यात येईल, असंही पत्रात आहे. हे लिहीपर्यंत ते आलेलं नाही. नानांची त्याबद्दल तक्रार नाही. १४ जानेवारीला माजी सैनिक दिनाला ते आता फीत लावून येतात, कारण आता बुकात आहे.

ज्यांच्या घरात कुणी फौजेत होतं, त्यांना हात जोडून विनंती. त्यांची ट्रंक रिकामी करण्याआधी मला किंवा माझ्यासारख्या कुणाला दाखवा. डिस्चार्ज बुकाच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. पत्रं फेकू नका, पाकिटं तर मुळीच फेकू नका, शिक्का पाकिटावर असतो. आजोबांना विचारा, कोणत्या साली कुणाबरोबर जोडलेले होता, कोणत्या दवाखान्यात होता, बरोबर कोण होतं, आणि ते सांगतील तसं तारखांसह लिहून घ्या. काही गळलेलं दिसलं तर मेडल मागू नका, नोंद मागा. १९७१ला जे विशीत होते ते आज सत्तरीच्या पुढे आहेत. हे काम या वर्षीच करा.